वीज गेली म्हणून पाळणे वाढतात?

बंगळूरच्या बसवनगुडीहून एका वाचकांनी विचारलं आहे : २०१२ मध्ये देशाची वीज गेली, तेव्हा नऊ महिन्यांनी प्रसूतिगृहं भरून गेली होती म्हणतात, ते खरं का?

बसवनगुडीपुरता तरी हा प्रश्न उद्भवत नाही. ३० आणि ३१ जुलैच्या त्या बिघाडातून दक्षिण ग्रिड वाचली, कारण ती उत्तरेच्या ग्रिडशी एका लयीत जोडलेलीच नव्हती. रायचूर-सोलापूर वाहिनीने ती जोडली गेली ३१ डिसेंबर २०१३ ला.

ही दंतकथा मूळची न्यू यॉर्कची. ९ नोव्हेंबर १९६५ च्या संध्याकाळी तिथली वीज गेली, ती कुठे कुठे तेरा तास आली नाही. पुढच्या ऑगस्टमध्ये 'न्यू यॉर्क टाइम्स'ने छापलं : माउंट सिनाई रुग्णालयात दिवसाला सरासरी ११ बाळंतपणं होतात, सोमवारी २८ झाली! ही बातमी लोकांच्या डोक्यात कायमची बसली. ती खोडणारे समाजशास्त्रज्ञ जे. रिचर्ड उड्री मात्र फारसे कुणाला ठाऊक नाहीत, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. १९७० च्या त्यांच्या निबंधात अवघड गणित नाही. एका रुग्णालयाचा एक दिवस त्यांनी बाजूला ठेवला, अख्ख्या शहराच्या जन्मनोंदी घेतल्या आणि त्या आठवड्यांतल्या जन्मांचं वर्षातलं प्रमाण आधीच्या पाच वर्षांशी ताडून पाहिलं. वाढ नव्हतीच.

कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी, कडलेकाई परिषेच्या म्हणजे शेंगांच्या जत्रेच्या दिवशी, बुल टेंपल रस्त्यावरची गर्दी पाहून कुणी बसवनगुडीची लोकसंख्या वाढल्याचं जाहीर केलं तर? ती गर्दी मोजायची तर गेल्या वर्षीच्या परिषेशीच. जन्मांनाही असा हंगाम असतो. आपल्याकडे पावसाळ्याच्या उत्तरार्धात ते एरवीही वाढतात. मग मागे नऊ महिने मोजून एखादी घटना सापडायला कितीसा वेळ लागतो!

अंधार लांबला तर गोष्ट वेगळी. झांझिबारमध्ये २००८ साली वीज महिनाभर गेली, तेव्हा पुढे जन्म खरोखर वाढल्याचं अर्थतज्ज्ञ बुर्लांडो यांना आढळलं. पण एका रात्रीची कथा त्यावर उभी राहत नाही. याच कथेची उलटी बाजूही आहे : गावोगावी वीज पोहोचली, लोक रात्री उशिरापर्यंत टीव्ही पाहू लागले की लोकसंख्या आटोक्यात येईल, असं २००९ मध्ये तत्कालीन आरोग्यमंत्री गुलाम नबी आझाद म्हणाले होते. पण महाराष्ट्र आणि कर्नाटक, दोन्हीकडे दर स्त्रीमागे मुलं २०१९-२१ च्या पाहणीत १.७ वर आली होती, ती मुलींचं शिक्षण, लग्नाचं वाढलेलं वय आणि कुटुंबनियोजन यांमुळे. या श्रेयाचे धनी आधी तेच.

पुढच्या वेळी अशी बातमी वाचाल तेव्हा एवढंच विचारा : गेल्या वर्षी याच महिन्यात, सगळ्या शहरात मिळून, किती जन्म झाले होते?