ऐच्छिक या सदराखाली

यंदाच्या स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादकांनी एकच अट घातली. विषय वैद्यकीय नसावा. दिवसभर रोगांविषयी बोलणाऱ्या माणसांना वर्षातून एकदा तरी दुसरे काही वाचावयास मिळावे, हा त्यांचा सद्हेतू. योगायोगाने त्याच आठवड्यात आपल्यातील एक तरुण सहकारी माझ्याकडे आले. त्यांनी नवी गाडी नोंदवली होती आणि विक्रेत्याने दिलेली जोडसामानाची छापील यादी त्यांच्या हातात होती. "सर, यातले काय घेऊ आणि काय सोडू?" त्यांनी विचारले. अगदी तशीच एक यादी २००७ साली माझ्या हातात होती. त्या यादीवर मी कोठे खुणा केल्या आणि कोठे केल्या नाहीत, हीच या लेखाची कथा आहे. अट मी पाळू पाहिली आहे. ती शेवटपर्यंत पाळली गेली की नाही, हे वाचकांनी ठरवावे.

मारुतीची स्विफ्ट आपल्याकडे २००५ च्या मे महिन्यात आली आणि २००७ च्या आरंभी तिची डिझेल आवृत्ती बाजारात उतरली. त्या काळी डिझेल गाडी म्हणजे जीप किंवा भाड्याची मोठी गाडी, असा बालाघाटात सर्वसाधारण समज होता. डिझेलचे इंजिन धूर ओकणार, दवाखान्याच्या दारात उभे राहून खडखडणार, हे आम्ही गृहीत धरले होते. हे इंजिन मात्र वेगळे होते. १२४८ घनसेंटीमीटरचे, मूळ फियाट कंपनीचे आणि मारुतीसाठी परवान्याखाली मानेसर येथे तयार होणारे. २००५ साली त्याला आपल्या गटात 'इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर' हा मानही मिळालेला होता.

जुन्या डिझेल इंजिनात इंधन एका दमात सिलिंडरमध्ये फेकले जाई आणि त्या स्फोटाचाच तो परिचित खडखडाट असे. 'कॉमन रेल' पद्धतीत अतिशय उच्च दाबाखालील इंधन एका समाईक नळीत तयार असते आणि संगणकाच्या आज्ञेने ते एकाच आवर्तनात अनेक लहान मात्रांत विभागून दिले जाते. एकदम मोठा डोस देण्याऐवजी विभागलेले डोस देणे हे आपणां मंडळींना समजावून सांगण्याची गरज नाही. परिणाम तोच : आवाज कमी, धूर कमी, इंधन कमी.

कागदावर ७५ अश्वशक्ती ही काही मोठी गोष्ट नव्हे. पण या इंजिनाचा खरा गुण त्याच्या ओढीत होता. इंजिनाचे फेरे मिनिटाला २००० झाले की १९० न्यूटन-मीटर ओढ हाती येई. त्याखाली, कोणत्याही टर्बो डिझेलप्रमाणे, ते जरा विचारात पडल्यासारखे वागे. पायाला ही सवय झाली की मग घाट सोपा वाटे. बालाघाटहून बैहरकडे निघाले, भरवेलीच्या मँगनीज खाणी मागे पडल्या की गांगुलपाऱ्याच्या पुढे सातपुड्याचा चढ लागतो. तो चढ माझी स्विफ्ट तिसऱ्या गिअरमध्ये, चार माणसे आणि औषधांची खोकी घेऊन, कुरकुर न करता चढत असे. लिटरला १६ ते १८ किलोमीटर मला नियमित मिळत. गोंदियाचे नातेवाईक, नागपूरच्या परिषदा आणि बैहरची फेरी हे सारे एका टाकीत बसे. पेट्रोल व डिझेल यांच्या भावात तेव्हा बरीच तफावत होती, त्यामुळे हिशेब आणखी गोड वाटे.

आता त्या यादीकडे वळतो.

मी घेतलेल्या 'व्हीडीआय' प्रकारात चाके कुलूपबंद होऊ न देणारी ब्रेकव्यवस्था, म्हणजे एबीएस, ही ऐच्छिक होती. हवी तर जादा पैसे भरून घ्यावी, नको तर सोडावी. विक्रेत्याने सांगितले की एबीएस असलेल्या गाडीला आणखी दोन महिने थांबावे लागेल. शिवाय पुढे म्हणाला, "डॉक्टर साहब, आप तो आराम से चलाते हैं, आपको इसकी क्या ज़रूरत?" ही स्तुती मला पटली. आपण सावकाश चालवणारे आहोत, ही प्रत्येक वाहनचालकाची स्वतःविषयीची ठाम समजूत असते.

एबीएस सोडून वाचलेल्या पैशांत, आणि आणखी थोडे घालून, मी पुढील वस्तू घेतल्या : चामड्यासारख्या दिसणाऱ्या कापडाची आसनांची आवरणे, चार स्पीकरांची संगीतव्यवस्था, मिश्रधातूची चाके, काचांवर काळी फिल्म, जाड पायपुसणी आणि पुढे चकाकणारा लोखंडी गार्ड. नव्या क्रमांकाची पाटी लावून गाडी दारात उभी राहिली तेव्हा शेजारीपाजारी पाहावयास आले. पाहण्याजोगे सारे मी विकत घेतलेच होते.

इथे एक भेद मला त्या वेळी सुचला नाही, तो आज स्पष्ट दिसतो. आवरणे, चाके, संगीत या वस्तू गाडी घेतल्यावर कोणत्याही बाजारात, कोणत्याही दिवशी बसवता येतात. एबीएसचे तसे नाही. प्रत्येक चाकाजवळचा संवेदक, द्रवाचा दाब क्षणाक्षणाला बदलणारी झडपांची पेटी आणि त्यांना चालवणारा संगणक हे कारखान्यातच गाडीच्या अंगात मुरलेले असावे लागते. गाडी नोंदवताना जे एकदाच मागता येते, ते मी सोडले आणि जे आयुष्यभर केव्हाही मिळते, ते आधी घेतले.

२००९ च्या ऑगस्टमधील एक संध्याकाळ. महिन्यातून दोनदा मी बैहरला रुग्ण तपासावयास जात असे. बरोबर आमच्या दवाखान्यातील परिचारिका असत. त्यांना सारे गाव 'सिस्टर' याच नावाने ओळखे आणि मीही येथे तेच वापरतो. त्या भागात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ. रक्ताचे नमुने घ्यावे लागत आणि लहान, अशक्त मुलांची शीर शोधणे हे काम त्यांच्याइतके सफाईने कोणी करीत नसे. रडणारे मूल गप्प होण्याआधी त्यांची सुई आत गेलेली असे.

परतताना पाऊस लागला. घाट उतरत असताना एका वळणावर समोर गुरांचा कळप बसलेला दिसला. मी ब्रेक दाबला, घाबरून जितका दाबता येईल तितका. चाके जागच्या जागी थांबली, पण गाडी थांबली नाही. ओल्या डांबरावर न फिरणारे चाक नुसते घसरते, आणि घसरणारे चाक दिशा बदलू शकत नाही. मी सुकाणू वळवीत होतो आणि गाडी सरळ जात होती. रस्त्याच्या कडेच्या दगडी कठड्यावर ती आदळली. वेग फार तर ताशी ४० किलोमीटर असेल.

मी आणि शेजारी बसलेले आमचे औषधविक्रेते मित्र, दोघांनी पट्टे लावलेले होते. आम्हाला खरचटले, एवढेच. सिस्टर मागे बसल्या होत्या. त्यांनी पट्टा लावलेला नव्हता, कारण तो लावता येणे शक्यच नव्हते. मागच्या आसनावर सुंदर आवरण चढवताना कारागिराने पट्ट्याची बकले खाली दाबून टाकली होती. आवरण त्यामुळे सपाट व नेटके बसले होते. दोन वर्षे मी ते रोज पाहत होतो, आणि माझ्या लक्षात आले नव्हते असेही म्हणवत नाही. मला ते नेटकेपण आवडले होते.

ताशी ४० किलोमीटर वेगाने आदळणे म्हणजे सुमारे सहा मीटर उंचीवरून, सर्वसाधारण घराच्या दुसऱ्या मजल्यावरून, खाली पडणे होय. हा हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्राचा आहे. सिस्टर पुढच्या आसनावर फेकल्या गेल्या. उजव्या दंडाचे हाड मध्यावर मोडले होते. गाडीच्या दिव्याच्या उजेडात मी त्यांचा हात आधार देऊन बांधला आणि सवयीने म्हणालो, "मनगट वर उचला पाहू." मनगट उचलले गेले नाही. हाडाला लागून जाणारी रेडियल नस दुखावली होती. पुढचे वर्णन डॉक्टर वाचकांना सांगावयास नको. इतरांसाठी एवढेच की हाड काही आठवड्यांत जुळते, नस आपल्या वेळाने येते, आणि आली तरी पूर्वीइतकी येईलच असे नाही.

एबीएस असते तर अपघात टळलाच असता, असे मी म्हणणार नाही. ती व्यवस्था सेकंदाला अनेक वेळा ब्रेक सोडते व पुन्हा धरते, त्यामुळे चाक फिरते राहते आणि गाडी वळवता येते. सुट्या खडीवर तर तिने थांबण्याचे अंतर थोडे वाढूही शकते. वळवता आली असती तर कदाचित मी कठडा चुकवला असता, कदाचित नाही. पण पट्ट्याविषयी असा 'कदाचित' नाही. व्होल्वो कंपनीच्या निल्स बोलिन या अभियंत्याने तीन बिंदूंचा पट्टा १९५९ साली सिद्ध केला आणि कंपनीने त्याचे एकस्व इतरांसाठी खुले ठेवले. तो पट्टा माझ्या गाडीत होता, त्याचे पैसे गाडीच्या किमतीत मी भरलेले होते, आणि त्यावर आवरण घालण्यासाठी मी वेगळे पैसे दिले होते.

सिस्टर आठ महिन्यांनी कामावर आल्या. हात पुष्कळसा सुधारला, लिहिता येऊ लागले, इंजेक्शन देता येऊ लागले. लहान मुलांच्या शिरा मात्र त्यांनी पुन्हा कधी घेतल्या नाहीत. "डॉक्टरसाहेब, बोट सांगते, पण मनगट ऐकत नाही," असे एकदाच म्हणाल्या. त्या वाक्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते मला अधिक लागले. पुढे त्यांनी दोन मुलींना ते काम शिकवले. सुरुवातीला त्या नुसत्या शेजारी उभ्या राहत आणि आपल्या डाव्या हाताच्या बोटाने शीर दाखवीत.

काळ पुढे गेला तशी माझी ती यादी एकेक करून निकालात निघाली. काळी फिल्म सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली बंद केली, मी ती खरवडून काढली. पुढच्या लोखंडी गार्डवर कारवाई करण्यास केंद्रीय परिवहन मंत्रालयाने २०१७ च्या डिसेंबरमध्ये राज्यांना सांगितले. गाडीचा पुढचा भाग चुरगळून धक्का स्वतः सोसावा अशी रचना असते. गार्ड तो धक्का थेट सांगाड्याकडे पोचवतो, आणि एअरबॅग असलेल्या गाडीत तिच्या संवेदकांचीही दिशाभूल करू शकतो. उलट, मी सोडलेले एबीएस १ एप्रिल २०१९ पासून सर्व मोटारींना सक्तीचे झाले. त्याच वर्षी जुलैपासून चालकासाठी एअरबॅग, पट्ट्याची आठवण देणारा इशारा आणि मागचे पार्किंग संवेदक हेही कायद्यात आले. मी 'ऐच्छिक' समजून सोडले ते आवश्यक ठरले, आणि हौसेने घेतले त्यातले काही बेकायदा ठरले.

२०१४ च्या नोव्हेंबरमध्ये 'ग्लोबल एनकॅप' या संस्थेने एअरबॅग नसलेल्या स्विफ्टची टक्करचाचणी घेऊन प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणासाठी तिला शून्य तारे दिले. माझ्या गाडीतही एअरबॅग नव्हत्या. त्याच वर्षी ३ जूनला दिल्लीत गोपीनाथ मुंडे गेले. तेही मागच्या आसनावर होते. मागच्या प्रवाशाने पट्टा लावल्यास मृत्यू वा गंभीर इजा होण्याचा धोका सुमारे २५ टक्क्यांनी कमी होतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. एवढा गुण असलेली गोळी आपण रुग्णाला लिहून दिली नसती काय?

डिझेल हॅचबॅकचा तो बहराचा काळही आता सरला. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये डिझेलचे भाव नियंत्रणमुक्त झाले, भावांतील तफावत आटत गेली. १ एप्रिल २०२० रोजी भारत स्टेज सहाचे निकष आले आणि मारुतीने डिझेल गाड्यांची निर्मितीच थांबवली. माझी स्विफ्ट मात्र दारात आहे. २०२२ साली तिची नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घेतली. मागच्या आसनावर आता कोणतेही आवरण नाही. मूळचे कापड विटले आहे, बकले वर आहेत.

तरुण सहकाऱ्यांना मी एवढेच सांगितले : यादीतील प्रत्येक वस्तूपुढे एक प्रश्न विचारा, ही नंतर बसवता येईल काय? येत असेल तर ती आज नको. आसनाच्या कडेला एअरबॅग असेल तर तिची वाट अडवणारे आवरण घेऊ नका. पायपुसणी एकावर एक घालू नका, ती पेडलखाली सरकतात. लहान मूल असेल तर संगीताआधी त्याचे आसन घ्या. आणि गाडी ताब्यात घेताना पुढे बसून नव्हे, मागे बसून पट्टा लावून पाहा.

ते हसून म्हणाले, "सर, मागे कोण बसतं आमच्याकडे? आई तेवढी."

मी त्यांना सिस्टरांची गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी त्यांनी विक्रेत्याकडे जाऊन यादीतील पहिली खूण खोडली.