धूळ पेटीतच राहू द्या

आज एका पेटीविषयी बोलू या. लोखंडावरचा गंज काढायला कॉम्प्रेसरच्या हवेने बारीक खर मारतात, त्याला सँडब्लास्टिंग म्हणतात. ते ज्या बंद पेटीत करतात, तिला कारागीर कॅबिनेट म्हणतात. समोर काच, खाली हात घालायला लांब रबरी मोजे. आमच्या घरामागच्या शेडमध्ये अशीच पत्र्याची पेटी आहे. आमचे हे त्यात सायकलींचे आणि पंपांचे भाग साफ करतात. पेटी बंद, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. पण एक दिवस माठाच्या झाकणावर बोट फिरवलं, तर राखेसारखी धूळ. म्हणजे धूळ घरात येत होती आणि आमच्या पोटात, छातीत जात होती.

पहिली सुधारणा खरीची. नदीची वाळू फुकट मिळते, पण तिच्यात सिलिका असते. वाळू आपटून फुटली की इतकी बारीक धूळ होते की डोळ्यांना दिसत नाही. ती फुप्फुसात रुतते आणि सिलिकोसिस होतो. हा आजार बरा होत नाही. ब्रिटनमध्ये १९४९ सालीच या कामात वाळू वापरायला बंदी आली. आपल्याकडे कायद्याने सिलिकोसिसची नोंद सरकारला कळवावी लागते, पण घरामागच्या शेडमध्ये कोण बघायला येतं? आपणच बघायचं. वाळूऐवजी गार्नेट किंवा ॲल्युमिनियम ऑक्साईड आणा. महाग वाटेल, पण चाळून पुन्हा पुन्हा वापरता येतं.

दुसरी सुधारणा हवेची. कॉम्प्रेसर पेटीत सतत हवा ढकलतो. ती कुठून तरी बाहेर पडणारच. नुसत्या फटी बुजवून भागत नाही. कॉम्प्रेसर जेवढी हवा आत टाकतो, त्याहून जास्त बाहेर ओढली गेली पाहिजे. म्हणून एका बाजूला ओढणारा पाइप आणि समोरच्या बाजूला हवा आत यायला जाळीचं भोक ठेवा. पाइप आधी झाकणबंद बादलीत सोडा, म्हणजे जड खर तिथेच खाली बसते. त्यापुढे बारीक धूळ अडवणारा, हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम लावा. साध्या कापडी पिशवीतून तीच धूळ परत खोलीत येते.

ओढ पुरेशी आहे का, हे कसं ओळखायचं? हात न घालता मोजे बघा. काम चालू असताना ते पेटीच्या आत ओढले गेले तर ठीक. तुमच्याकडे बाहेर फुगले, तर धूळ फटींतून बाहेर येतेय. काम सुरू करण्याआधी फक्त व्हॅक्यूम चालू करून दाराच्या कडेला उदबत्ती धरा. धूर आत गेला पाहिजे. दाराला रबरी पट्टी लावा.

काम संपलं की लगेच दार उघडू नका. ओढ काही मिनिटं चालू ठेवा. खर काढताना एन-९५ मास्क हवा. ओढणी किंवा रुमाल चालत नाही. झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. कामाचे कपडे झटकू नका, वेगळे धुवा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, तो घरी उडवू नका.

आमच्या माठाचं झाकण आता मी रोज संध्याकाळी बोटाने बघते. तुम्हीही बघा.