ड जीवनसत्त्वाचे थेंब आणि बाळाची भरलेली छाती

बाळाला महिन्यात दोनदा सर्दी झाली, छाती घरघरायला लागली, की हल्ली ड जीवनसत्त्वाचं नाव हमखास निघतं. रक्त तपासलं जातं, आकडा कमी येतो आणि घरच्यांना वाटतं, दुखण्याचं मूळ सापडलं. मग औषधाच्या दुकानातून साठ हजार युनिटची पुडी किंवा बाटली येते आणि ‘प्रतिकारशक्ती वाढावी’ म्हणून तान्ह्याला पाजली जाते. यात एक गोष्ट खरी आहे, काही अर्धवट खऱ्या आहेत आणि एक थेट धोक्याची आहे.

खरी गोष्ट आधी. जन्मापासून वर्षाचं होईपर्यंत प्रत्येक बाळाला रोज 400 युनिट ड जीवनसत्त्व द्यावं, असं भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं मार्गदर्शन आहे. ते हाडांसाठी. दुधातलं कॅल्शियम आतड्यातून अंगात मुरायला ड जीवनसत्त्व लागतं. ते फारच कमी पडलं तर मुडदूस होतो. तान्ह्या वयात रक्तातलं कॅल्शियम घसरून झटकेही येऊ शकतात. हे थेंब चुकवू नयेत. पण ते सर्दी-खोकला अडवतील, ही अपेक्षा त्यांच्याकडून ठेवू नये.

‘ड जीवनसत्त्व कमी, म्हणूनच बाळाला न्यूमोनिया झाला’

ही समजूत हवेतून आलेली नाही. इथिओपियात न्यूमोनिया झालेली 500 मुलं आणि न झालेली 500 मुलं ताडून पाहिली, तेव्हा आजारी मुलांमध्ये मुडदुसाचं प्रमाण कितीतरी पटींनी जास्त आढळलं. 1997 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं. 2004 साली इंदूरच्या मुलांमध्येही छातीचा गंभीर संसर्ग आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता सोबत दिसली. 2011 साली नेदरलँड्समध्ये नाळेचं रक्त तपासलं गेलं. ज्या बाळांच्या नाळेतल्या रक्तात हे जीवनसत्त्व कमी होतं, त्यांना पहिल्या वर्षात आरएसव्ही विषाणूचा छातीचा आजार होण्याचा धोका सहापट निघाला. शिवाय ड जीवनसत्त्व मिळालं की आपल्या पेशी जंतू मारणारं एक प्रथिन तयार करतात, हेही 2006 साली प्रयोगशाळेत दिसलं होतं. इतके धागे एकाच दिशेने जात असतील तर कुणालाही तसं वाटणारच.

पण दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली, असं होत नाही. ज्या घरात ऊन येत नाही, तिथे बहुधा धूर जास्त असतो, गर्दी असते, आईचं पोषण बेताचं असतं आणि लशी राहून गेलेल्या असतात. यातली प्रत्येक गोष्ट न्यूमोनियाला वाट करून देते. तीव्र मुडदुसाची गोष्ट मात्र वेगळी. त्यात बरगड्या मऊ पडतात, छातीचे स्नायू दुबळे होतात, बाळाला नीट खोकून कफ काढता येत नाही. अशा बाळाला न्यूमोनिया जड जातो, हे खरंच आहे. ते लक्षात घेऊनही एक प्रश्न उरतो. सगळ्याच बाळांना ड जीवनसत्त्व दिलं तर न्यूमोनिया कमी होतो का?

याचं उत्तर शोधायला काबूलइतकी योग्य जागा क्वचितच सापडेल. तिथे हिवाळा लांब, ड जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आणि न्यूमोनियाही भरपूर. शहराच्या जुन्या भागातल्या 1 ते 11 महिन्यांच्या 3,046 बाळांपैकी निम्म्यांना दर तीन महिन्यांनी एक लाख युनिट दिले गेले आणि निम्म्यांना नुसतं तेल. दीड वर्ष असं चाललं. 2012 साली निकाल आला: एक्स-रेवर दिसणारा पहिला न्यूमोनिया दोन्ही गटांत जवळपास सारखाच होता. पुन्हा पुन्हा होणारा न्यूमोनिया तर जीवनसत्त्व घेणाऱ्या गटातच जास्त निघाला.

दिल्लीतही असाच मोठा प्रयोग झाला. पूर्ण दिवसांची, पण कमी वजनाची 2,079 बाळं. सहा महिने दर आठवड्याला 1,400 युनिट. बाळांची वाढ थोडी सुधारली. मृत्यू आणि रुग्णालयात भरती होण्याचं प्रमाण मात्र कमी झालं नाही. फिनलंडमध्ये 975 बाळांना दोन आठवड्यांच्या वयापासून दोन वर्षांपर्यंत रोज 400 किंवा 1,200 युनिट दिले. संसर्गात फरक नाही, हाडांच्या ताकदीतही नाही. टोरांटोत एक ते पाच वर्षांच्या मुलांना हिवाळाभर रोज 2,000 युनिट देऊनही सर्द्या 400 युनिटवाल्यांइतक्याच झाल्या.

इथे कुणी म्हणेल, काबूलचा डोस एकदम मोठा होता, रोज थोडा दिला असता तर? हा प्रश्न रास्त आहे. 2017 साली नवजातांपासून वृद्धांपर्यंतच्या 25 प्रयोगांची आकडेवारी एकत्र केली, तेव्हा रोज किंवा आठवड्याला घेतलेल्या छोट्या डोसाने थोडा फायदा दिसला होता, विशेषतः ज्यांच्यात कमतरता तीव्र होती त्यांना. एकूण घट साधारण 12 टक्के. पुढे नवे प्रयोग त्यात मिळवत गेले, तशी 2021 साली ती 8 टक्क्यांवर आली. 2025 साली 46 प्रयोग आणि 64 हजार माणसं मोजल्यावर उरले 6 टक्के, आणि तेही निव्वळ योगायोगाने आलेले नाहीत असं खात्रीने म्हणता येत नाही. पुरावा वाढत जाताना फायदा विरळ होत गेला, तर त्याच्या भरवशावर बाळाची छाती सोडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

‘कोवळ्या उन्हात धरलं की पुरे’

सकाळी सातचं ऊन अंगाला बरं वाटतं, पण त्यात ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण नगण्य असतात. सूर्य कलता असताना ते वातावरणातच अडतात. खिडकीच्या काचेतूनही ते आत येत नाहीत. फक्त अंगावरच्या दुधावर असलेल्या बाळांचा भारतातच अभ्यास झाला. त्यात असं दिसलं की पुरेशी पातळी गाठायला बाळाला केवळ लंगोट ठेवून सकाळी 10 ते दुपारी 3 या वेळात आठवड्याला किमान अर्धा तास आणि किमान 16 आठवडे उन्हात ठेवावं लागतं. विदर्भातल्या मे महिन्यात हे कोण करील? आणि करूही नये, कारण पहिल्या सहा महिन्यांत बाळाची त्वचा फार नाजूक असते. शहरातल्या धुराचाही परिणाम होतो. दिल्लीतल्या मोरी गेट या प्रदूषित वस्तीतल्या बाळांच्या रक्तातली पातळी 12 नॅनोग्रॅमच्या आसपास होती, तर मोकळ्या हवेतल्या गुडगावच्या बाळांची 27. म्हणून थेंब द्यायचे.

‘अंगावरचं दूध आहे, मग वेगळं कशाला?’

आईचं दूध बाळासाठी सर्वोत्तम आहे, यात शंका नाही. पण आईच्याच अंगात ड जीवनसत्त्व बेताचं असेल, आणि आपल्याकडे बहुतेक वेळा तसं असतं, तर दुधाच्या एका लिटरमध्ये जेमतेम काही डझन युनिट उतरतात. दूध कायम ठेवून थेंब द्यावेत.

‘जास्त दिलं तर जास्त ताकद’

हाच तो थेट धोका. साठ हजार युनिटची एक पुडी म्हणजे तान्ह्याचा पाच महिन्यांचा डोस. ती दर आठवड्याला दिली गेली तर रक्तातलं कॅल्शियम चढतं. बाळ दूध सोडतं, उलट्या करतं, बद्धकोष्ठ होतं, वारंवार लघवी करून सुकतं, वजन घटतं. मूत्रपिंडात कॅल्शियम साचू शकतं. भारतात अशी बाळं रुग्णालयात दाखल झालेली आहेत. दुसरी चूक ड्रॉपरची. आपल्याकडच्या काही बाटल्यांत एका मिलिलिटरला 400 युनिट असतात, काहींत 800. परदेशातून नातेवाईक आणतात त्या काही बाटल्यांत एका थेंबातच 400 युनिट असतात. ती मिलिलिटरने पाजली तर एका वेळी दहा हजारांहून जास्त युनिट पोटात जातात. बाटलीवरचं लेबल वाचल्याशिवाय थेंब देऊ नका.

निरोगी बाळाची सरसकट रक्ततपासणीही लागत नाही. मनगटं रुंद दिसत असतील, पाय वाकत असतील, झटके आले असतील किंवा बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल, तर डॉक्टर ठरवतील. मुडदूस असल्यास वर्षाखालच्या बाळाला सहसा तीन महिने रोज 2,000 युनिट आणि सोबत कॅल्शियम देतात, तेही देखरेखीखाली.

मग छाती कशाने वाचते? पहिले सहा महिने केवळ आईच्या दुधाने. लशींनी: सहा, दहा आणि चौदा आठवड्यांची पेंटाव्हॅलंट, सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिन्यांची पीसीव्ही, जी 2021 पासून देशभर सरकारी लसीकरणात मोफत मिळते, आणि नऊ महिने पूर्ण झाल्यावरची गोवर-रुबेलाची लस. साबणाने धुतलेल्या हातांनी. आणि धुराविना. बाळ-बाळंतिणीला ओवा, बाळंतशेपा, लसणीच्या सालींची धुरी देण्याची रीत मायेपोटी आली आहे, हे मला मान्य आहे. पण धूर शेवटी धूरच. चुलीचा असो, विडीचा, डासांच्या अगरबत्तीचा किंवा धुरीचा, तान्ह्याच्या फुप्फुसाला तो त्रासच देतो. बाळंतिणीच्या खोलीतून तो बाहेर काढाच.

सगळ्यात मोलाचा धडा गडचिरोलीचा आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच कार्यकर्त्यांना आणि सुईणींना बाळाचे श्वास मोजायला शिकवलं. ज्यांना अंक येत नव्हते, त्यांच्यासाठी मण्यांचं श्वासमापक यंत्र तयार केलं. न्यूमोनिया ओळखला की लगेच साधं प्रतिजैविक दिलं जाई. 1990 साली ‘लॅन्सेट’मध्ये आकडे आले: पाच वर्षांखालच्या मुलांचे न्यूमोनियाने होणारे मृत्यू तुलनेसाठी निवडलेल्या गावांपेक्षा 54 टक्क्यांनी कमी.

ते मोजणं घरीही जमतं. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोजा. दोन महिन्यांखालच्या बाळाचे श्वास मिनिटाला 60 किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंतच्या बाळाचे 50 किंवा जास्त असतील, श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, बाळ कण्हत असेल किंवा दूध ओढत नसेल, तर थेंबांची बाटली बाजूला ठेवा आणि तत्काळ दवाखाना गाठा. रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नका.