पुढच्या चाकाची खडखड

माळशिरस तालुक्यात गाडीला एकाच दिवसात तऱ्हेतऱ्हेचे रस्ते भेटतात. धर्मपुरी, नातेपुते, माळशिरस, वेळापूर असा पंढरीला जाणारा पालखी मार्ग आता रुंद झाला आहे. त्यावर पंधरा वर्षांची स्विफ्टसुद्धा निमूट पळते. फाट्याला आत वळलं की चित्र पालटतं. उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या, काळ्या रानात खचलेल्या साइडपट्ट्या, गावाच्या तोंडाशी घातलेले उंच गतिरोधक, आणि दक्षिणेला पिलीवच्या बाजूला दगडगोटे. इथं गाडी बोलायला लागते. डाव्या चाकाकडून खडखड, ब्रेक दाबला की एकच ठोका, जागेवर स्टिअरिंग फिरवलं की करकर. काचा वर करून, गाणी मोठ्यानं लावून हे आवाज काही दिवस दडपता येतात. मग कधीतरी मागच्या सीटवरून आई विचारते, ‘काय वाजतंय रं पुढं?’ आणि गाडी गॅरेजच्या दारात येते.

अशा गाड्या इथं पुष्कळ आहेत, आणि त्यांना लगेच मोडीत काढायची कुणाची तयारी नसते. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी नव्यानं करावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून त्याचं शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० वर गेलं. अकलूजच्या परिवहन कार्यालयात, म्हणजे एमएच-४५ मध्ये, पैसे भरून ज्यानं गाडी पास करून घेतली, त्याला ती पुढची पाच वर्षं वापरायचीच असते. अल्टो, इंडिका, स्विफ्ट, सुमो अशा गाड्यांचं इंजिन बहुधा साथ देतं. आधी थकतो तो पुढच्या चाकांमागचा सांगाडा.

हा सांगाडा बहुतेक लहान मोटारींत एकाच घराण्यातला असतो. अर्ल मॅकफर्सन हा अमेरिकन इंजिनिअर दुसऱ्या महायुद्धानंतर जनरल मोटर्समध्ये शेवरोले कॅडेट नावाच्या स्वस्त, हलक्या गाडीवर काम करत होता. १९४७ मध्ये कंपनीनं तो प्रकल्प गुंडाळला, मॅकफर्सन फोर्डमध्ये गेला आणि आपली रचना सोबत घेऊन गेला. १९५० मध्ये लंडनच्या मोटार प्रदर्शनात मांडलेल्या फोर्ड कॉन्सल आणि झेफिर या गाड्यांत ती होती. स्प्रिंग आणि शॉकअप एकाच उभ्या खांबात बसवायचे, वरचं टोक थेट बॉडीला जोडायचं आणि खाली एकच आर्म ठेवायचा, एवढीच कल्पना. जागा कमी लागते, सुटे भाग कमी लागतात. १४ डिसेंबर १९८३ ला पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली तेव्हा हीच रचना तिच्या पुढच्या चाकांमागे होती. इंडिकातही तीच आणि स्विफ्टमध्येही तीच.

रचना साधी असली तरी तिच्यात लोखंडाला लोखंड भिडू नये म्हणून ठिकठिकाणी रबर आणि बंद सांधे घातलेले असतात. लोअर आर्मचे बुश, आर्मच्या टोकाचा बॉल जॉइंट, खांबाच्या डोक्यावरचं रबरी माउंट आणि त्यातलं बेअरिंग, स्टिअरिंगचे टायरॉड एंड, स्टॅबिलायझर बार आणि त्याची लिंक. जुन्या जीपला, फियाटला ग्रीस मारायची निपलं होती. गन लावली की सांध्याला पुन्हा वंगण मिळायचं. आताच्या सांध्यांत ग्रीस कारखान्यातच भरून वर रबरी टोपी चढवतात. टोपी फाटली की चिखलपाणी आत जातं, ग्रीस वाहून जातं आणि सांधा झिजायला लागतो.

चांगला मिस्त्री गाडी लगेच जॅकवर चढवत नाही. आधी प्रश्न विचारतो. आवाज कुठल्या रस्त्यावर येतो? गतिरोधकावर की खडीवर? दोन्ही चाकं एकदम चढल्यावर की एकच चाक खड्ड्यात गेल्यावर? ब्रेक मारताना की वळताना? पाऊस पडल्यावर बंद होतो का? हे प्रश्न म्हणजेच निम्मं निदान. कारण लोखंडातून आवाज प्रवास करतो. डावीकडचा ठोका बॉडीतून फिरून उजव्या पायाखाली ऐकू येतो, आणि मालक शपथेवर उजवी बाजू दाखवतो. तिथंच खोललं तर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

या सगळ्यात सर्वांत चकवणारा भाग म्हणजे स्टॅबिलायझरची लिंक. गॅरेजमध्ये तिला लिंक रॉड किंवा जंपिंग रॉड म्हणतात. स्विफ्टमध्ये ती खांबाला एका टोकानं आणि आडव्या बारला दुसऱ्या टोकानं धरलेली, वीतभर लांबीची सळई. दोन्ही टोकांना बोराएवढे गोल सांधे. तिचं काम वळणावर गाडी कलू न देण्याचं. दोन्ही चाकं सारखी वर गेली तर बार नुसता जागेवर फिरतो आणि लिंकवर जोर येत नाही. एकच चाक उचललं की बार पिळला जातो आणि सगळी ओढाताण त्या दोन गोळ्यांवर येते. गोळा केसभर सैल झाला तरी खडीवर त्याच्यावरच्या जोराची दिशा क्षणाक्षणाला उलटते, आणि दर वेळी एक ठोका पडतो. म्हणून रुंद गतिरोधक सरळ ओलांडताना गाडी गप्प, आणि उसाच्या चाकोरीत तीच गाडी खडखडते. मालक हे ऐकून म्हणतो, ‘शॉकअप गेले, मिस्त्री.’ शॉकअप बदलले जातात, हजारो रुपये जातात आणि खडखड तशीच राहते. चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच.

ही लिंक तपासायचीही खुबी आहे. एकच बाजू जॅकनं उचलली तर बार पिळून राहतो, लिंक ताणली जाते आणि सैलपणा लपतो. म्हणून दोन्ही चाकं जमिनीवर ठेवायची किंवा दोन्ही अधांतरी. खड्ड्यावर गाडी उभी करून पोऱ्या वरून गाडी हलवतो आणि खाली मिस्त्री दोन बोटं लिंकच्या सांध्यावर ठेवून बसतो. कान जे सांगत नाहीत ते बोटांना कळतं. त्या सांध्यात टकटक लागली की शोध संपला.

बॉल जॉइंटची गोष्ट वेगळी आणि गंभीर आहे. माणसाच्या खुब्यासारखा हा सांधा चाकाला आर्मशी धरून ठेवतो. मॅकफर्सनच्या खांबात गाडीचा भार वरून बॉडीत जातो, त्यामुळे चाक अधांतरी लोंबवलं आणि आर्म व चाक धरणारा नकल यांच्यामध्ये टॉमीची सळई घालून उचकलं की सैलपणा दिसतो. टाटा सुमोसारख्या वरखाली दोन आर्म असलेल्या गाडीत मात्र स्प्रिंगचा दाब खालच्या आर्मवर असतो. तिथं जॅक चेसीला लावला तर स्प्रिंग आर्मला खाली रेटते आणि झिजलेला सांधा घट्ट भासतो. जॅक खालच्या आर्मखालीच लावावा लागतो. हा फरक माहीत नसलेला हात सुमोचा गेलेला सांधा चांगला म्हणून परत पाठवू शकतो.

मग चाक हलवून पाहणं येतं. वर आणि खाली धरून हलवलं तर बॉल जॉइंट किंवा चाकाचं बेअरिंग. दोन्ही बाजूंना धरून हलवलं तर टायरॉड. ब्रेक दाबून धरल्यावर वर-खाली धरून जाणवलेली हालचाल थांबली तर दोष बेअरिंगचा. जागेवर स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंगवर हात ठेवला आणि ती झटका देत फिरली, तर खांबाच्या डोक्यावरचं बेअरिंग धरलंय. ब्रेक मारताना एक ठोका आणि निघताना दुसरा, हे आर्मच्या फाटलेल्या बुशचं लक्षण. करकर रबराची वाटली तर एकेका बुशवर पाणी मारून बघतात. ज्यावर मारल्यानं आवाज थांबला, तो बुश सुकलेला. तिथं डिझेल किंवा इंजिन ऑइल ओतायची सवय काहींना असते. आवाज दोन दिवस थांबतो, पण तेलानं रबर फुगतं, मऊ पडतं आणि लवकर फाटतं.

काही आवाज तर सस्पेन्शनचे नसतातच. ब्रेक कॅलिपरच्या पिना सैल झाल्या की खडीवर तीच खडखड. ब्रेकला हलका पाय लावल्यावर ती थांबली तर पिना बघायच्या. पूर्ण वळणावर ऐकू येणारी कटकट ॲक्सलच्या जॉइंटची असते.

निदान झालं म्हणजे काम झालं असं मानणारा मालक पुढच्या अडचणींनी हैराण होतो, आणि चिंता वाटावी असा भाग हाच. बोल्ट पहिली अडचण. दहा-पंधरा वर्षं चिखलपाणी खाल्लेला बोल्ट बुशच्या आतल्या नळीत गंजून एकजीव झालेला असतो. घण मारला तर आर्म वाकतो, गॅस लावला तर शेजारचं चांगलं रबर जळतं. शहाणा मिस्त्री आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारं तेल मारून ठेवतो आणि सकाळी हात लावतो. ज्याला गाडी दुपारपर्यंत हवी असते, त्याला हा एक रात्रीचा उशीर पटत नाही.

दुसरी अडचण स्प्रिंगची. खांब खोलायचा तर आधी स्प्रिंग कंप्रेसरनं आवळून धरावी लागते, कारण दाबलेल्या स्प्रिंगमध्ये शेकडो किलोंचा जोर साठलेला असतो. कंप्रेसर नाही म्हणून तार किंवा साखळी गुंडाळून वरचा नट सोडणं म्हणजे जिवाशी खेळ. तार तुटली तर स्प्रिंग समोरच्याच्या तोंडावर येते. ज्या गॅरेजमध्ये हे साधन नाही, तिथं हे काम करूच नये.

तिसरी अडचण मालाची. लोकल लिंक आणि नावाजलेल्या कंपनीची लिंक शेजारी ठेवली तर डोळ्यांना फरक दिसत नाही. फरक रबरी टोपीत आणि आतल्या गोळ्यात असतो आणि तो एका पावसाळ्यानंतर कळतो. खोकं ओरिजिनलचं आणि आतला माल भलताच, हाही प्रकार बाजारात आहे.

पण नवा भाग टिकणार की नाही, हे ठरतं शेवटच्या बोल्टवर. आर्मच्या बुशमध्ये रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं. बोल्ट आवळला की आतली नळी पक्की धरली जाते. पुढं आर्म हलतो तेव्हा नळी फिरत नाही, फक्त रबर पिळतं. गाडी जॅकवर, चाक लोंबतंय, अशा वेळी बोल्ट पूर्ण आवळला तर गाडी खाली आल्याबरोबर रबर एका बाजूला पिळलेलं राहतं. उभ्या गाडीतही ते ताणलेलं असतं आणि काही महिन्यांत फाटतं. म्हणून बोल्ट आधी हातानं लावायचा, गाडी चाकांवर उतरवायची, दोनचार वेळा दाबून बसवायची आणि मगच शेवटचं आवळायचं. त्यानंतर अलाइनमेंट, नाहीतर नवे टायर एका कडेनं खाल्ले जातात. हे सगळं जादा मेहनतीचं आहे आणि बाहेरून दिसत नाही. गर्दीच्या दिवशी नेमकं तेच सुटतं.

गॅरेजच्या बिलात सुट्या भागाची किंमत असते, बसवायची मजुरी असते. दोष शोधायची मजुरी बहुतेक ठिकाणी नसते. तासभर खाली बसून बोटांनी सांधे चाचपणाऱ्याला त्या तासाचं काहीच मिळत नाही, आणि ‘सगळं सस्पेन्शनच काढू’ म्हणणाऱ्याला सगळ्या भागांवर मिळतं. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम शिकून आलेला मुलगा हे गणित लवकर ओळखतो. कान आणि हात तयार करायला लागणारी वर्षं मग तो कशासाठी देईल?

मालकाच्या हाती मात्र बरंच आहे. गाडी नेताना आवाज कधी, कुठल्या रस्त्यावर, कुठल्या चाकाकडून येतो हे सांगावं. शक्य तर मिस्त्रीला शेजारी बसवून तोच रस्ता दाखवावा. दोष शोधायची मजुरी आपणहून द्यावी, जुना भाग परत मागून घ्यावा, आणि शेवटचा बोल्ट गाडी चाकांवर असताना आवळला ना, एवढं विचारावं. लिंक वाजत असेल तर पुढच्या पगारापर्यंत थांबता येतं. बॉल जॉइंट हलत असेल तर गाडी गॅरेजमध्येच ठेवून यावं. तो निखळला की चाक आडवं होतं, स्टिअरिंग निकामी ठरतं, आणि ऊसतोडणीच्या दिवसांत मागं भरलेली ट्रॉली असते.