चार एकर गवत, चोवीस एचपी

फ्लेमिंग्टन (न्यू जर्सी)

मखमलाबादचा माझा आतेभाऊ, आमचा दादा, मागच्या ऑगस्टमध्ये इथे येऊन गेला. खरड छाटणीची कामं उरकली आहेत आणि गोडी छाटणीला अवकाश आहे, एवढीच काय ती द्राक्षबागायतदाराची सुट्टी. आल्या दिवशीच त्याने घरामागच्या चार एकरांना चक्कर मारली. चपलेच्या टोकाने माती उकरली. इथली माती तांबूस, पापुद्रे सुटणाऱ्या खडकाची. मग विचारलं, "पीक काय घेतोस?"

"गवत."

"म्हणजे चारा."

"चारा नाही रे. नुसतं गवत. कापायचं आणि तिथंच टाकायचं."

दादा थोडा वेळ गप्प राहिला. मग शेडमधल्या नारंगी ट्रॅक्टरकडे बोट करून म्हणाला, "आणि हा?"

"तेच कापायला."

पंचवटीत वाढलेल्या माणसाला हे समजावणं सोपं नाही, कारण मलाही समजायला काही वर्षं लागली. निमाणीवरून शाळेत जाताना जे ट्रॅक्टर दिसायचे ते मालकाला पोसणारे होते; दसऱ्याला त्यांना झेंडूची माळ पडायची. इथे मालक ट्रॅक्टरला पोसतो. न्यू जर्सीच्या हंटरडन परगण्यात तीन-चार-पाच एकरांची घरं पुष्कळ आहेत. एकेकाळची शेतं, आता तुकडे पडून त्यावर घरं उभी. एक एकर म्हणजे आपले चाळीस गुंठे, इथेही तेवढेच. त्या चाळीस गुंठ्यांचं करायचं काय, हा प्रश्न मात्र इथे कुणी विचारत नाही. कापायचं. एप्रिलपासून नोव्हेंबर लागेपर्यंत दर आठवड्याला कापायचं.

या वेडाची मुळं इंग्लंडात आहेत. ग्लॉस्टरशायरच्या स्ट्राउड गावचा एडविन बडिंग लोकरीच्या गिरणीत कापडाची लव कातरणारं यंत्र बघत होता. त्यावरून त्याने 1830 साली गवत कापायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. तोवर हिरवळ ही सरदारांची चैन होती, कारण ती राखायला विळेवाल्यांची फौज किंवा मेंढ्यांचा कळप लागे. अमेरिकेने ती चैन कारकुनाच्या दारात आणली. दुसरं महायुद्ध संपल्यावर 1947 पासून न्यूयॉर्कजवळ लेव्हिटाउन ही हजारो घरांची वसाहत उभी राहिली. तिथल्या करारात अट होती की 15 एप्रिल ते 15 नोव्हेंबर या काळात आठवड्यातून एकदा गवत कापलंच पाहिजे. कुंपण घालायलाही बंदी. म्हणजे माझी हिरवळ आणि शेजाऱ्याची हिरवळ मिळून एकच गालिचा, आणि माझ्या आळसाने त्याच्या गालिच्याला भोक. आजही अनेक गावांत गवत आठ-दहा इंचांवर गेलं की नगरपालिकेची नोटीस येते. फ्लोरिडातल्या एका छोट्या शहराने तर न कापलेल्या गवताचा रोजचा 500 डॉलर दंड लावत लावत एका रहिवाशाच्या डोक्यावर सुमारे 30 हजार डॉलर चढवले आणि घर जप्त करायची भाषा केली होती. बांधावरून होणारी भांडणं दादाला ठाऊक आहेत. गवताच्या उंचीवरून होणारं भांडण त्याने पहिल्यांदा ऐकलं.

नासाच्या मदतीने 2005 साली झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतली हिरवळ उपग्रहचित्रांवरून मोजली गेली. सुमारे 1 लाख 64 हजार चौरस किलोमीटर भरली. आपला अख्खा महाराष्ट्र 3 लाख 8 हजार आहे. म्हणजे अर्ध्याहून जास्त महाराष्ट्र नुसता कापायला.

हे घर घेतलं तेव्हा मी ही मोजदाद केली नव्हती. जुना लॉन ट्रॅक्टर घेतला. बसून चालवायचा, पोटाखाली 42 इंचांचं पातं असलेला, दिसायला ट्रॅक्टर पण कामाला हजामतीचा वस्तरा. हिशेब सोपा होता, पण मी तो नंतर केला. साडेतीन फुटांची पट्टी, ताशी चार मैलांचा वेग, वळणं आणि झाडांभोवतीच्या फेऱ्या वजा जाता तासाला सव्वा-दीड एकर. चार एकरांना तीन तास. तीस आठवड्यांचे नव्वद तास. सुट्टीच्या दिवशी काढलेले नव्वद तास. त्यात खडक. पापुद्र्याचा एक दगड पात्याला लागला आणि पात्याचा आस वाकला. पुढच्या महिन्यात चाक ग्राउंडहॉगच्या बिळात गेलं. ग्राउंडहॉग म्हणजे घुशीचा थोरला भाऊ समजा. सांगायला लाज वाटते, पण शेजारच्या बाईंनी दोर बांधून मला बाहेर ओढलं.

मग मी दुकानं धुंडाळायला लागलो. इथे हा छंदच आहे. लोक गाडी घेताना जेवढा विचार करत नाहीत तेवढा यात करतात. पहिली वाट झिरो-टर्नची. स्टिअरिंग नाही, दोन दांडे. दोन्ही मागची चाकं वेगवेगळी फिरतात, त्यामुळे यंत्र जागच्या जागी गर्रकन वळतं. हे कॅन्सासमध्ये 1960 च्या दशकात निघालं. साठ इंचांच्या पात्याचं झिरो-टर्न ताशी सात मैलांनी धावतं आणि माझे चार एकर सव्वा तासात उरकतं. सपाट जमीन असेल आणि फक्त गवतच कापायचं असेल तर डोळे मिटून हेच घ्यावं, असं माझं मत आहे. माझी जमीन मागे ओढ्याकडे उतरते. उतारावर झिरो-टर्न घसरलं की आवरत नाही, कारण त्याच्या पुढच्या चाकांना दिशाच नसते. ती बाजारातल्या ढकलगाडीसारखी नुसती फिरतात. पंधरा अंशांपेक्षा जास्त उतारावर नेऊ नका, असं बहुतेक यंत्रांच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. ते वाचून मी फोनवर उतार मोजला आणि तो विचार सोडला.

शिवाय झिरो-टर्न बर्फ ढकलत नाही. जानेवारीत रस्त्यापासून घरापर्यंतचा माझा तीनशे फुटांचा रस्ता बर्फाने भरतो. झाडं पडतात, ती ओढावी लागतात. खडी पसरावी लागते. अशा घरांसाठी इथे सब-कॉम्पॅक्ट नावाची एक जात आहे: वीस-पंचवीस एचपी, चारही चाकं ओढणारी, पुढे लोडर, पोटाखाली गवताचं पातं, मागे थ्री पॉइंट लिंकेज आणि अवजारं फिरवणारा 540 फेऱ्यांचा पीटीओ. दादा मागे जाऊन वाकला आणि त्याचा चेहरा उजळला. "अरे, हे तर आपलंच!" आपलंच. आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनने रुजवलेला हा तीन टोकांचा जोड आता जगभर एक झाला आहे. दादाचा रोटाव्हेटर माझ्या ट्रॅक्टरला लागेल. दादाकडे व्हीएसटी शक्ती आहे, साडेअठरा एचपीचा, मांडवाखालून ब्लोअर घेऊन फिरणारा. त्याने किंमत विचारली. लोडर आणि पात्यासकट वीस हजार डॉलरच्या वर, म्हणालो. त्याने मनात गुणाकार केला. "सतरा लाख. गवताला."

मी फक्त म्हणालो की व्याज शून्य टक्के आहे. इथे ट्रॅक्टर सात वर्षांच्या बिनव्याजी हप्त्यांवर मिळतो, आणि तारण म्हणून सातबारा मागत नाहीत.

एचपीची गंमत सांगायला हवी, कारण दुकानात मला ती आधी कळली नाही. 24, 24.5, 24.8 अशा एचपीच्या ट्रॅक्टरांची रांगच लागलेली असते आणि मग एकदम उडी. गोम धुराच्या नियमात आहे. पंचवीस एचपीच्या वरच्या डिझेल इंजिनांना अमेरिकेच्या नियमांनुसार धूर इतका साफ करावा लागतो की त्यासाठी बहुतेक कंपन्या काजळी पकडणारी गाळणी बसवतात. ती गाळणी मधूनमधून तापवून जाळून साफ करावी लागते, नाहीतर ट्रॅक्टर रुसतो. महिन्यात चार तास, तेही थांबत थांबत चालणाऱ्या यंत्रात ही गाळणी म्हणजे डोकेदुखीच. म्हणून कंपन्या सीमेच्या अलीकडे थांबतात आणि माझ्यासारखे लोकही. आपल्याकडे 2023 पासून आलेले ट्रेम चारचे नियम पन्नास एचपीच्या वर लागतात, त्यामुळे दादाला याची झळ नाही.

रंगाचा वाद इथे भावकीच्या वादासारखा चालतो. हिरवा म्हणजे जॉन डिअर, नारंगी म्हणजे कुबोटा, लाल म्हणजे महिंद्रा. डिअरचा मूळ पुरुष इलिनॉयमधला लोहार. त्याने 1837 साली पोलादी नांगर केला, आणि आता त्याच कंपनीचा कारखाना पुण्याजवळ सणसवाडीला आहे. कुबोटा ओसाकाची; 1969 साली तिने अमेरिकेत पाय ठेवला, तेव्हा इतका छोटा ट्रॅक्टर इथे कुणी गांभीर्याने घेत नव्हतं. महिंद्रा 1994 पासून इथे आहे. दुकानाच्या दारात ते नाव पाहून माझी छाती फुगली, खोटं कशाला बोलू? सातपूरच्या कारखान्याच्या बसेस डोळ्यांपुढे आल्या. मग कळलं की इथले छोटे महिंद्रा बरीच वर्षं जपान-कोरियात बनून येत होते. ऑगस्ट 2023 मध्ये केपटाऊनला दाखवलेली 'ओजा' ही नवी हलकी मालिका मात्र जपानी मित्सुबिशीच्या साथीने आखलेली आणि तेलंगणातल्या झहीराबादला बनणारी. बाहेर लाल, आत दोन देश.

शेवटी मी घेतला कुबोटा, आणि त्यात रंगाचा काही संबंध नाही. त्याचा डीलर बारा मैलांवर आहे आणि शनिवारी उघडा असतो. बाकीचे पाऊण तासावर. बेल्ट तुटला, तेलाची नळी फुटली तर ट्रॅक्टर घेऊन जायला माझ्याकडे ट्रेलर नाही. हे मी दादाला सांगितलं तेव्हा अमेरिकेतल्या माझ्या एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्याने माझ्या एखाद्या निर्णयाला मान डोलावली.

चालवायला त्याला सोपं गेलं. गिअर नाही, पायाखाली एकच लांब पेडल. पुढचं टोक दाबलं की पुढे, मागचं टोक दाबलं की मागे. मागच्या चाकांत काय भरलंय ते त्याने वाजवून ओळखलं. आपल्याकडे वजनासाठी टायरमध्ये पाणी भरतात. इथे ते गोठेल, म्हणून बिटाचा रस भरतात. साखर काढून उरलेला तो दाट रस बऱ्याच थंडीतही गोठत नाही. दादा हसत सुटला. घरी फोन करून त्याने हीच बातमी आधी दिली. पाठीमागे उभ्या असलेल्या लोखंडी कमानीवर मात्र त्याचा आक्षेप होता: "मांडवाखाली हे चालणार नाही." खरं आहे. पण इथे शेतावरचे सर्वाधिक मृत्यू ट्रॅक्टर उलटून होतात, म्हणून कमान उभी आणि पट्टा बांधलेला हवा. कमान दुमडली तर मात्र पट्टा बांधायचा नाही, म्हणजे उलटताना बाहेर फेकलं जाता येतं. हा नियम मी तीनदा वाचला तेव्हा पटला.

एका जागी मी त्याला गाडी नेऊ दिली नाही. घरामागे एक उंचवटा आहे, तिथे सांडपाणी मुरतं. गटार नाही, नळ नाही. विहीर आपली, शोषखड्डा आपला. त्या वाळूच्या थरावर टनभर वजन गेलं तर पाणी मुरायचं थांबतं आणि दुरुस्तीत ट्रॅक्टरची किंमत जाते. तिथे मी अजून हाताने ढकलायचं यंत्र वापरतो.

आता कबुली. चोवीस एचपी घेतल्यावर मी चार एकर कापणं बंद केलं. घराभोवतीचा एक एकर दर आठवड्याला कापतो, कारण उंच गवतात गोचिड्या असतात आणि त्यांच्यापासून होणारा लाइम रोग हंटरडनमध्ये घरोघरी ठाऊक आहे. घर, रस्ता, झाडं यांत अर्धा एकर गेला. उरलेल्या अडीच एकरांत वर्षातून एकदा, मार्चच्या शेवटी, पीटीओला चार फुटी रोटरी कटर लावतो आणि एका दुपारी मोकळा होतो. एरवी तिथे गोल्डनरॉड फुलतं, हरणं बसतात. ज्या शेजाऱ्याकडे सात एकर आहेत, त्याने आपलं रान एका शेतकऱ्याला वाळक्या चाऱ्यासाठी दिलं आहे. घराची जागा सोडून पाच एकर शेतीखाली आणि वर्षाला किमान हजार डॉलरचा माल विकला गेला तर न्यू जर्सीत जमिनीचा कर एकदम उतरतो. 1964 पासूनचा हा कायदा आहे. माझे चारच एकर. तेवढ्यासाठी मी गरीब शेतकरीही होऊ शकत नाही.

जायच्या आदल्या दिवशी दादाने सकाळी शेड उघडली आणि न विचारता तो एक एकर कापून काढला. सुतात बांधल्यासारख्या ओळी. मग न कापलेल्या रानाच्या कडेला ट्रॅक्टर बंद करून उतरला आणि गवतात शिरला. मी ओरडलो, पायजमा मोज्यात खोच, गोचिड्या आहेत. त्याने ऐकलं नाही. पावलं मोजत तो ओढ्यापर्यंत गेला, परत आला.

"नऊ बाय पाच धरलं तर एकरी नऊशे अडुसष्ट वेली," तो म्हणाला. "अडीच एकरांत दोन हजार चारशेवीस. बर्फाचं काय ते तू बघ. ब्लोअर ओढायला तुझा हा चोवीस एचपी पुरेल."