आधी डोळा, मग रक्त

करंजाच्या बंदरावर काम करणाऱ्या माणसाचा डोळा लाल झाला की पहिला संशय खाऱ्या वाऱ्यावर आणि उन्हावर जातो. मेडिकलमधून थेंब येतात, आठवडा निघून जातो. डोळा ठणकू लागला, उजेड सोसेना, धूसर दिसायला लागलं की मग उरण आणि तिथून पनवेल. या वाटेवर हल्ली आणखी एक थांबा लागतो, तो रक्ततपासणीच्या 'पॅकेज'चा. कुणीतरी सांगतं, ऑटोइम्यून असेल, सगळ्या अँटिबॉडी एकदाच बघून घ्या. रिपोर्टवर 'एएनए पॉझिटिव्ह' छापून येतं आणि घरात मोबाइलवर ल्युपस या ऑटोइम्यून आजाराची माहिती शोधणं सुरू होतं. डोळा मात्र अजून कुणी स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळे तपासण्याच्या सूक्ष्मदर्शकाखाली, नीट पाहिलेलाच नसतो.

एएनए पॉझिटिव्ह म्हणजे आजार पक्का, हा सगळ्यांत पसरलेला गैरसमज. आपल्याच पेशींच्या केंद्रकातल्या घटकांविरुद्ध शरीराने तयार केलेल्या अँटिबॉडी ही चाचणी पकडते. अशा अँटिबॉडी धडधाकट माणसांतही असतात. अनेक प्रयोगशाळांनी मिळून निरोगी माणसांचं रक्त तपासलं, त्याचे निष्कर्ष १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. १:४० या पातळीला सुमारे ३२ टक्के, १:८० ला १३ टक्के आणि १:१६० ला ५ टक्के निरोगी माणसं पॉझिटिव्ह निघाली होती. म्हणून रिपोर्टवर नुसतं 'पॉझिटिव्ह' वाचून थांबू नये, शेजारचा टायटर, म्हणजे ही पातळी, बघावी. मोठ्या माणसाला युव्हिआयटिस, म्हणजे डोळ्याच्या आतल्या थरांना सूज आली असेल, तर त्यामागे ल्युपस असणं फार दुर्मीळ आहे. सांधे दुखत नाहीत, अंगावर पुरळ नाही, लघवीची तपासणी ठीक आहे, अशा रुग्णात एकट्या पॉझिटिव्ह एएनएवरून ल्युपसचं निदान होत नाही. मिळते ती फक्त काळजी.

लहान मुलांत मात्र हीच चाचणी मोलाची ठरते. ज्या मुलाला संधिवात आहे आणि एएनए पॉझिटिव्ह आहे, त्याला युव्हिआयटिस होण्याचा धोका जास्त असतो, विशेषतः संधिवात वयाच्या सहाव्या वर्षापर्यंत सुरू झाला असेल तर. या मुलांचा डोळा सहसा लाल होत नाही, दुखतही नाही. मूल तक्रार करत नाही आणि आतल्या आत बाहुली चिकटते, मोतीबिंदू होतो. अशा मुलाचे डोळे दर तीन महिन्यांनी स्लिट लॅम्पखाली तपासून घ्यावे लागतात, काही त्रास दिसत नसला तरी. 'डोळे तर चांगले दिसतात' म्हणून ही फेरी चुकवली जाते, याचं फार वाईट वाटतं.

एचएलए-बी २७ ही चाचणी पुष्कळदा त्याच पॅकेजमध्ये असते आणि तीही अँटिबॉडीची समजली जाते. प्रत्यक्षात बी २७ हा जन्मतः मिळणारा जनुकाचा प्रकार आहे. एका डोळ्यात अचानक उठणाऱ्या, पुन्हा पुन्हा येणाऱ्या पुढच्या भागाच्या युव्हिआयटिसमध्ये, सकाळी कंबर आखडत असेल तर, ती नक्की करावी. पण हे जनुक असलेल्या बहुतेक माणसांना जन्मभर काहीही होत नाही. जनुक बदलत नसल्यामुळे ही तपासणी आयुष्यात एकदाच पुरते.

उलट बाजूचा गैरसमज अधिक घातक आहे: सगळं निगेटिव्ह, म्हणजे ऑटोइम्यून काही नाही. आपल्याकडे दिसणारा व्हीकेएच नावाचा आजार दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांखाली पाणी साठवतो, कानात आवाज आणतो, पुढे त्वचेवर पांढरे डाग उमटवतो. त्याचं निदान करणारी रक्तातली कोणतीही अँटिबॉडी चाचणी नाही. बेहसेट आणि सारकॉइडचंही तसंच. पडद्याची तपासणी, सोनोग्राफी, अँजिओग्राफी, छातीचा सीटी स्कॅन, तोंडातल्या फोडांची चौकशी, यांतूनच ते ओळखावे लागतात. डोळ्याच्या पांढऱ्या भागाला सूज येऊन रात्री झोपेतून उठवणारं दुखणं लागलं, तर ते स्क्लेरायटिस असू शकतं. तिथे एएनसीए या अँटिबॉडीची आणि संधिवाताच्या चाचण्या खरोखर कामाच्या असतात. तरीही आजार डोळ्यापुरताच असताना एएनसीए निगेटिव्ह येऊ शकते.

पनवेल-पेणच्या भातशेतीच्या पट्ट्यात आणि पुराच्या पाण्यात उतरणाऱ्या कोकणातल्या प्रत्येकासाठी एक प्रश्न पॅकेजपेक्षा मोलाचा आहे: गेल्या काही महिन्यांत ताप येऊन गेला का? उंदराच्या किंवा गुरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) होतो, हे २००५ च्या महापुरानंतर मुंबई-रायगडला वेगळं सांगावं लागत नाही. ताप उतरल्यावर काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी डोळा सुजतो, हे मात्र फार थोड्यांना माहीत आहे. तामिळनाडूत १९९३ च्या शेवटी मोठे पूर आले आणि १९९४ च्या जानेवारीत मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयात अशा रुग्णांची रीघ लागली. तिथल्या डॉक्टरांनी ७३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हा युव्हिआयटिस बाहेरून ऑटोइम्यूनसारखाच दिसतो. लेप्टोच्या अँटिबॉडी 'मॅट' चाचणीत शोधता येतात, पण त्या रक्तात बराच काळ टिकतात. त्यामुळे ताप कधी आला, शेतात किंवा साचलेल्या पाण्यात कधी उतरलात, याच्या तारखा डॉक्टरांना सांगाव्यात.

टीबीच्या बाबतीत तर अँटिबॉडीची चाचणी मागूच नये. ती खोटी पॉझिटिव्ह आणि खोटी निगेटिव्ह इतकी येत होती की जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये तिच्याविरुद्ध स्पष्ट शिफारस केली आणि भारत सरकारने २०१२ मध्ये तिच्यावर बंदी घातली. डोळ्याच्या टीबीचा संशय असेल तर मँटू किंवा इंटरफेरॉन-गॅमाची चाचणी करतात आणि छातीचा फोटो काढतात. स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू करण्याआधी हे व्हायला हवं, कारण दबलेला जंतुसंसर्ग स्टिरॉइडने उसळतो.

थायरॉइडचंही थोडक्यात सांगतो. डोळे बाहेर आले आणि टीएसएच नॉर्मल आला, तरी थायरॉइडचा नेत्रविकार असू शकतो. तिथे टीआरएबी ही अँटिबॉडी उपयोगी पडते. संध्याकाळी पापणी जड होऊन पडते अशा मायस्थेनिया या स्नायूंच्या आजारात, आजार फक्त डोळ्यांपुरता असेल तर, जवळपास निम्म्या रुग्णांत नेहमीची अँटिबॉडी सापडत नाही.

मग अँटिबॉडीने सगळं बदलतं असा आजार आहे का? आहे. दृष्टीच्या नसेला सूज येऊन एका-दोन दिवसांत अंधार व्हायला लागला, तर अ‍ॅक्वापोरिन-४ अँटिबॉडी तपासणं आवश्यक ठरतं. तिचा शोध २००४ मध्ये लागला. त्याआधी ही अँटिबॉडी असलेल्या रुग्णांना मल्टिपल स्क्लेरोसिसचे समजून औषधं दिली जात आणि त्यातली काही, उदाहरणार्थ बीटा इंटरफेरॉन, या आजारात झटके वाढवतात. नमुना रक्ताचाच द्यावा, शक्यतो स्टिरॉइडचं सलाइन लागण्याआधी. चाचणी 'सेल-बेस्ड' पद्धतीने होते का, हे लॅबला विचारावं, कारण जुन्या एलायझा पद्धतीत चुका जास्त होतात. मॉग या दुसऱ्या अँटिबॉडीची चाचणीही सोबत करतात. रिपोर्ट यायला काही दिवस लागतात. तेवढ्यासाठी उपचार थांबवू नयेत, नमुना घेतला की त्याच दिवशी सलाइन सुरू करता येतं. अ‍ॅक्वापोरिन-४ पॉझिटिव्ह आली, तर दृष्टी परत आल्यावरही झटका टाळणारं औषध वर्षानुवर्षं चालू ठेवावं लागतं, कारण पुढचा झटका तीच नस कायमची मारू शकतो.