गॅसचा लायटर आणि लेकीची गिटार

नवरात्रात आमच्या हिवरखेडला देवीच्या मंडपात महिला भजनी मंडळाचा कार्यक्रम होता. हार्मोनियम, ढोलकी, टाळ, खंजिरी हा आमचा नेहमीचा संसार. या वर्षी त्यात माझ्या लेकीची गिटार आली. अकोल्याहून आणलेली साधी लाकडी गिटार. दुकानदारानं तारांच्या घोडीखाली पिकअपची बारीक पट्टी बसवून दिली होती. साउंडवाल्यानं लांबलचक वायर जोडली, पोरीनं तारांवर हात फिरवला, आणि जो आवाज आला तो ऐकून सासूबाई मोठ्यानं बोलल्याच, "टिनावर गहू सांडल्यासारखं वाजून राह्यलं वं माय!" बाया हसल्या. पोरगी भजन संपेपर्यंत मान खाली घालून बसली आणि घरी आल्यावर गिटार कपाटावर टाकून मोकळी झाली.

"वयनी, मशीन चांगली हाये, गिटारच पतली हाये," साउंडवाले भाऊ म्हणाले. पण घरात ओसरीवर तीच गिटार किती गोड वाजते, हे मी रोज ऐकते ना! दसरा झाला, की कोजागिरी आणि तिच्या मागोमाग राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी. तेव्हाही आमचं भजन असतं. म्हणजे हातात दोन आठवडेसुद्धा नव्हते.

विचारपूस केली तेव्हा कळलं, की गिटार आणि मशीन यांच्या मधली एक छोटी डबी आमच्याकडे नव्हतीच. तिचं नाव प्रीअँप.

मैत्रिणींनो, तुमच्या ओट्यावर खट्‌ करून ठिणगी पाडणारा गॅसचा लायटर आहे ना? त्यात एक खडा असतो. त्याच्यावर दाब पडला, की वीज निर्माण होते. ही करामत 1880 मध्ये जॅक आणि पियरे क्युरी या दोघा भावांनी शोधली. पियरे म्हणजे आपल्या मेरी क्युरीचे यजमान. पुढे किरणोत्सर्ग मोजताना मेरीनं याच करामतीवर चालणारं उपकरण वापरलं. गिटारच्या घोडीखालची पट्टी त्याच जातीची. तार थरथरली, की पट्टीवर दाब पडतो आणि इवलीशी वीज तयार होते.

ही वीज फार अशक्त असते. झिरा कमी असलेल्या विहिरीवर पाच हॉर्सपॉवरची मोटर बसवली तर काय होईल? दोन मिनिटांत गाळ! मिक्सरचं माइकचं भोक तसंच, पट्टीकडून झेपणार नाही इतकी ओढ लावणारं. त्याचा रोध जेमतेम दीड-दोन किलोओहम असतो, आणि पट्टीला लागतो निदान एक मेगाओहम, म्हणजे हजार किलोओहम. रोध कमी पडला, की आधी खर्ज गळतो आणि उरते ती टिणटिण. प्रीअँप पट्टीकडून अगदी थोडं घेतो आणि पुढे मशीनला दमदार करून देतो.

गिटारसमोर माइक ठेवून पाहा, असंही एकीनं सुचवलं. तालमीत ठेवला. त्यात ढोलकी आणि टाळच जास्त ऐकू आले, आणि आवाज जरा वाढवला तर भोंग्यानं अशी कुईऽऽ केली, की समोरची लेकरं कानावर हात ठेवून पळाली.

भिशीच्या पैशातून मंडळानं अर्धी रक्कम दिली. दुसऱ्याचा पैसा हाती असला, की खरेदी करताना छातीत धडधडतं. दुकानात गिटार आणि वायर आमचीच नेली, कारण दुकानातल्या भारी गिटारवर कुठलीही डबी छानच वाजते. परदेशी नावाजलेल्या डब्या अशा, की त्या एका डबीत आमच्यासारख्या दोन गिटारी याव्यात. त्या बघूनच ठेवल्या. दुकानदार एक रंगीबेरंगी डबी पुढे करत होता. तिच्यात गुंज, घुमारा, सुर लावायचं यंत्र, सगळं होतं. देवळाच्या मंडपात घुमारा काय कमी असतो? मी विचारलं, आत जाणारा रोध किती? त्याला सांगता येईना. मग खोक्यावरचा कागद मीच वाचला.

आम्ही साधी घेतली. रोध एक मेगाओहमच्या वर. खर्ज, मध्य आणि तीव्र यांची तीन बटणं. चौथं बटण नॉचचं. गिटारचं पोकळ पोट भोंग्याच्या आवाजानं घुमू लागलं, की नेमका तेवढाच सूर ते कापतं आणि बाकीचा राहू देतं. माइकसारखी तीन टोकांची जाड पिन लागण्याची सोय हवीच, म्हणजे मिक्सरपर्यंतच्या लांब वायरीत खरखर शिरत नाही. गिटारपासून डबीपर्यंतची वायर मात्र हात-दोन हाताचीच बरी. आणि नऊ व्होल्टच्या सेलवर चालायला हवी. आपल्याकडे ऐन आरतीत लाइन जाते, जनरेटर सुरू होतो, आणि अडाप्टरवरची वस्तू घुंऽऽ करत बसते. गिटारला ज्यांनी आतूनच बॅटरीचा प्रीअँप बसवून घेतला असेल, त्यांनी ही दुसरी डबी घेऊच नये, खर्च वाया.

पुण्यतिथीला खंजिरी सुरू झाली. महाराजांनी खंजिरी हाती घेऊन गावोगाव मैदानं गाजवली, त्या वाद्याला कुठल्या डबीची गरज नाही. पण तिच्या शेजारी गिटारही ऐकू आली, खर्जासकट. साउंडवाले भाऊ दोनदा वाकून डबीकडे बघून गेले आणि शेवटी म्हणाले, "कितीले भेटली हो?" सासूबाई टाळ वाजवत होत्या, त्यांनी काहीच म्हटलं नाही. पोरगी मात्र त्यांच्याचकडे बघत होती.

एक चूक आमच्याकडून झाली. पिन खोचलेली असली, की डबी चालूच राहते, हे माहीत नव्हतं. कार्यक्रमानंतर गिटार तशीच खोचून ठेवली आणि पंधरा दिवसांनी पाहतो तो सेल पार मेलेला. आता रोज रात्री दिवे मालवताना सासूबाई आतून ओरडतात, "पोरी, पिन काढली का वं?"